मार्जिन किती धरणार?

तंबाखूला मी आयुष्यात हात लावलेला नाही. हे आधी सांगून टाकतो, कारण जिभेच्या मुळाशी गाठ निघाल्यापासून रत्नागिरीत जो भेटला त्याने पहिलं तेच विचारलं, "किती वर्षं खात होतास?" सख्ख्या भावानेही मुंबईहून फोनवर तेच विचारलं. त्याच्याशी मी अजून नीट बोलत नाही.

माझा धंदा आंब्याचा. दुसऱ्यांच्या पेट्या उचलण्यापासून सुरुवात केली, आज पावसला स्वतःची वखार आहे. सगळं तोंडाच्या जोरावर. म्हणूनच, डॉक्टर जेव्हा म्हणाले की किरणांच्या उपचारात लाळेच्या ग्रंथी भाजल्या तर तोंड कायमचं कोरडं पडू शकतं, तेव्हा गाठीपेक्षा मला त्याचीच धास्ती बसली. कोरड्या तोंडाने भाव कोण करणार?

उपचार घाटावर, कोल्हापूरला ठरले. आधी केमो झाली, गाठ आक्रसली. मग किरण देताना मान हलू नये म्हणून वापरतात तो जाळीचा मुखवटा चेहऱ्यावर बसवून पुन्हा एमआरआय काढला. रत्नागिरीत काढलेला पिशवीत असताना दुसरा कशाला, म्हणून मी धुमसतच होतो. त्यात किरणांचा आराखडा करणाऱ्या मुलीने आम्हा नवराबायकोला बोलावलं नि म्हणाली, "काका, तुमचे दोन स्कॅन नीट जुळत नाहीत. असंच राहिलं तर मार्जिन जास्त धरावं लागेल."

माझं डोकं फिरलं. "आजारी माणसावर मार्जिन काढता? मीपण धंदेवाला आहे. किती धरणार ते आत्ता तोंडावर सांगा."

ती म्हणाली, "मिलिमीटरमध्ये सांगितलं तर चालेल?"

बायको तोंडाला रुमाल लावून हसायला लागली. "मार्जिन म्हटलं की दुसरं काही सुचतच नाही यांना."

मुलीने पडदा माझ्याकडे वळवला. किरण देताना गाठीभोवती थोडी जास्तीची जागा धरतात, त्या पट्ट्याला त्यांच्यात मार्जिन म्हणतात. केमोआधी गाठ कुठवर होती ते जुन्या स्कॅनमध्येच दिसत होतं, मान आता कशी आहे ते नव्यात. दोन्ही एकावर एक बसले तरच गाठीची जुनी हद्द आजच्या मानेवर आखता येणार. पण रत्नागिरीत मी उशी घेऊन, हनुवटी छातीशी ओढून निजलो होतो. मुखवट्यात हनुवटी वर. कॉम्प्युटरने कवटीवर कवटी बरोबर बसवली होती, खाली जबडे मात्र दोन दिसत होते.

"जुळणी जितकी कच्ची तितकं मार्जिन मोठं," ती म्हणाली. "आणि मोठं केलं की ते या लाळेच्या ग्रंथीत शिरतं."

"मग कर की कमी, बाय. थोडं तू सोड, थोडं मी सोडतो."

"तुम्ही काय सोडणार, काका?"

मी खुर्ची पडद्याजवळ ओढून बसलो.

"कमी धरलं नि गाठीचा कण बाहेर राहिला तर?" ती म्हणाली. "जुळलं तर कमी करेन. नाही जुळलं तर नाही."

समोरचा खरंच हटणार नाही की नाटक करतोय, हे मला डोळ्यांवरून कळतं. ही हटणारी नव्हती. मीही खुर्चीवरून हटलो नाही. शेवटी म्हणाली, "बसा, पण बोलू नका."

तिने कवटीचा नाद सोडला. गाठीजवळचा जबडा आणि जिभेखालचं लहानसं हाड, तेवढंच जुळवायला घेतलं. पडद्याच्या एका बाजूला जुना स्कॅन, दुसऱ्या बाजूला नवा, आणि मधली रेघ ती इकडून तिकडे सरकवायची. जबड्याची कड रेघेवर तुटली की पुन्हा जरा वळव, जरा उचल. मला कधीच जुळलंय असं वाटायला लागलं होतं. डॉक्टर येऊन बघून गेले, म्हणाले, "चालेल."

"मला नाही चालत, सर," ती म्हणाली आणि पुन्हा बसली.

एवढा मोठा डॉक्टर, गप निघून गेला. त्या पोरीला माझ्या वखारीत बसवली असती तर एक डागी आंबा पेटीत गेला नसता.

शेवटी जबड्याची कड अखंड गेली. उजव्या ग्रंथीकडचं मार्जिन तिने कमी केलं. डावीकडे गाठच ग्रंथीच्या जवळ होती. तिकडे तिने एक रेघ हलवली नाही.

"दोन्ही नाही वाचणार?"

"नाही, काका."

किरणं घेऊन झाल्यावर पुढचे कित्येक महिने पाण्याची बाटली हातातून सुटली नाही. डावीकडून आजही तोंड सुकतं. पण यंदा हंगामात वाशीचा व्यापारी फोनवर म्हणाला, "शेठ, आवाज बसलाय तुमचा, भावपण जरा बसू द्या," तेव्हा मी त्याला मनसोक्त झोडपला. बायको पाणी घेऊन उभी होती, ते प्यायची गरज पडली नाही.