एक भोक खाली

नातीला सोडायला हॅनोव्हरच्या जिममध्ये गेलो आणि खेळाडू हातांना चोळतात त्या पांढऱ्या पावडरच्या वासाने जागीच थांबलो. चाळीस वर्षांपूर्वी अशाच एका हॉलमध्ये स्पर्धेची साधनं बसवण्याचं आणि त्यांची उंची मोजण्याचं काम माझ्याकडे होतं.

सरावानंतर युको ही जपानी जिम्नॅस्ट म्हणाली, "उडीचा घोडा खाली वाटतोय."

"मोजलाय मी. पाय थकले असतील तुमचे," मी खुर्चीतूनच हसलो. तिने वाकून माफी मागितली.

स्पर्धेत ती पडली, गुडघा गेला. धावत पोचलो तेव्हा दिसलं, घोड्याच्या पायांतल्या, उंची ठरवणाऱ्या पिना एक भोक खालीच होत्या. मी मोजलंच नव्हतं.

स्ट्रेचरवरून ती म्हणाली, "तुमचं खरं होतं. पायच थकले होते."

मी मान डोलावली.

युको पुन्हा कधी खेळली नाही. त्या पिनांचं मी बायकोलाही सांगितलं नाही. आता बायको हयात नाही, म्हणून इथे लिहितो: चूक माझी होती.