इदालिनाच्या घरी येणारी बाई

कल्पना करा, तुमच्या हातात बुटाच्या वरच्या भागाचं चामडं आहे आणि ते तुम्हाला मशीनवर शिवायचंय. एका सेंटिमीटरला चार टाके. एक टाका बाहेर गेला की भोक पडतं, आणि चामड्याचं भोक काही बुजत नाही. तुकडा बाद. आता हे करताना कान मात्र ॲप्रनच्या खिशातल्या फोनकडे ठेवा, कारण घरी आई एकटी आहे आणि मागच्या महिन्यात ती घरातल्या सपाता घालून खाणीच्या रस्त्यावर सापडली होती.

इदालिना दोन वर्षं असंच शिवत होती. वय अठ्ठावन्न, लग्न नाही, भावंड नाही. उत्तर पोर्तुगालच्या त्या डोंगराळ गावात बुटांचे चार कारखाने, आणि चारही मालक एकमेकांच्या शिलाईवाल्या पळवण्यात पटाईत. पण घरच्या म्हाताऱ्यांपायी एका वर्षात सहा बायका काम सोडून गेल्या, तेव्हा इदालिनाचे मालक आबिलियो बाकीच्या तिघांना म्हणाले, "पळवायला तरी कोणी उरायला हवं ना?" चौघांनी मिळून ग्रासिएत नावाची शिकलेली परिचारिका ठेवली. ती रोज चार घरी जायची, प्रत्येक कारखान्यातल्या एका शिलाईवालीच्या घरी दोन तास.

इदालिनाला वाटलं, सुटले. पण परकी बाई घरात येणार म्हणजे घर कसं हवं? ती पहाटे साडेचारला उठून फरशी पुसायची, आईची चादर बदलायची, कोबीचं सूप करून मक्याच्या पावाशेजारी झाकून ठेवायची. पाहुणीला उपाशी कसं धाडायचं? तीन आठवड्यांत तिच्या डोळ्यांखाली काळं धरलं. एका दुपारी मशीनवरच तिचा डोळा लागला आणि बारा तुकडे वाया गेले.

आबिलियो तुकडे हातात घेऊन उभे राहिले. "मदतीला माणूस दिलंय, तरी पेंगतेस?"

"चुकलं, मालक."

"चुकलं ते दिसतंय. त्या तिघांना मी काय सांगू? ते आधीच म्हणतायत, ही बाई ठेवून उपयोग काय. महिनाअखेर बसणार आहोत आम्ही. बंद करायचं म्हणाले तर?"

बंद झालं तर इदालिनाला नोकरी सोडणंच आलं. त्या दिवशी ती लवकर घरी गेली. ग्रासिएत अजून तिथेच होती, आईचे केस विंचरत.

"बाई, सूप घेतलं नाहीत?" इदालिनाने विचारलं.

ग्रासिएतने कंगवा खाली ठेवला. "ऐका, इदालिनाताई. सकाळपासून हे चौथं सूप. रोज चार घरं, चार सुपं, आणि नाही म्हटलं की तोंडं पडतात. माझ्या कोटाचं बटण लागेना झालंय. कोण सांगतं तुम्हाला हे करायला?"

"घर घाण ठेवून कसं..."

"मी फरशी बघायला येत नाही. तुम्ही झोपावं म्हणून येते. बाकीच्या तिघीही पहाटे उठतात, ठाऊक आहे? सगळ्या पेंगतायत आणि मालक मला बोल लावतायत."

आईने मध्येच विचारलं, "ही कोण? पोरी, तिला जेवायला वाढ."

ग्रासिएत हसली. इदालिनाला मात्र हसायचंही त्राण नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती सहापर्यंत झोपली आणि कप न धुता कामावर गेली. दिवसभर तो कप डोळ्यांपुढून हलेना, पण तुकडा एकही बिघडला नाही. बाकीच्या तिघींनाही तिने जेवणाच्या सुट्टीत फोन करून सांगितलं. एक म्हणाली, "तू कर सुरुवात, मग बघू." पण हळूहळू त्याही झोपू लागल्या, आणि महिनाअखेर मालकांनी ग्रासिएतचं काम आणखी वर्षभर चालू ठेवायचं ठरवलं.

ग्रासिएत पुढेही घरी यावी म्हणून भरायचा नवा कागद आबिलियोंनी तिच्यापुढे सरकवला. कामगाराचं नाव, घरच्या आजारी माणसाचं नाव, दोघांचं नातं, खाली कामगाराची सही. इदालिनाने सही केली, पण पेन परत दिलं नाही.

"आता काय?" आबिलियो म्हणाले.

"सात-आठ वर्षांनी मी काम सोडीन, मालक. या चारांपैकी कुठल्याच कारखान्यात माझं कोणी नाही. मग उद्या मीच अंथरुणाला खिळले, तर आजारी म्हणून माझं नाव असलेल्या कागदावर सही कोण करणार?"