नीलसागरचा बहिष्कार

तळोज्याच्या नीलसागर सोसायटीत सागर फक्त पाटीवर होता. नळाला दिवसाआड पाणी, तेही करंगळीएवढी धार. बाकी सगळा कारभार टँकरवर. या पाण्यावरून मतदानावर बहिष्कार टाकायची आयडिया काढली ती तिसऱ्या मजल्यावरच्या मैत्रीने. आणि पालिकेच्या मतदानाच्या दिवशी सकाळपासून घरात पिंजऱ्यातल्यासारख्या येरझाऱ्या घालत होती तीही मैत्रीच.

एकोणीस वर्षांची पोर, बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला, जिभेला हाड नाही. मीटिंगमध्ये मोठी माणसं अर्ज-विनंत्यांच्या गप्पा मारत बसली, तेव्हा ही ताडकन उठली होती. "पाणी नाही तर मत नाही! एकानेही गेटबाहेर पडायचं नाही." टाळ्या पडल्या. सेक्रेटरी उदयसिंह काकांनी तिच्याच अक्षरात बॅनर करून गेटवर लावला. एरवी जिला पार्किंगमधून सायकल हलवायला सांगायचे, तिला लोक 'लीडर' म्हणू लागले. पोरगी हवेत होती.

आज मात्र तिला जमिनीवर आणलं तिच्या बापाने, आणि तेही आवाज न चढवता. बाप, पोपट, एका केमिकल कंपनीत ऑपरेटर. रात्रपाळी करून आला, अंघोळ केली, इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला आणि तसाच खुर्चीत बसून राहिला. झोपेना, उठेना.

"पप्पा, झोपा की आता."

"झोपतो. मतदानाच्या दिवशी शर्ट घालायची सवय हाय, हात आपोआपच गेला."

"तुम्हाला जायचंय का?"

"बाबासाहेबांनी दिलेलं मत हाय, कवा चुकवलं न्हाई," पोपट म्हणाला. "पर तू चार लोकांत शब्द दिलाय. तो बापानंच मोडायचा का?"

तो ओरडला असता तर तिने दोन उत्तरं दिली असती. आई, दुर्गाबाई, भाकऱ्या थापता थापता तिच्याकडे बघतही नव्हती. मैत्रीला घर खायला उठलं. ती खाली गेली.

गेटवर खुर्च्या टाकून बहिष्कारवाले बसले होते आणि हितेश त्यांना वडापाव वाटत होता. हितेश जवळच्या गावातला, भाऊंचा कार्यकर्ता. मागच्या वेळी निवडून आलेले आणि आताही उभे असलेले हेच भाऊ, आणि टँकर यांच्याच मेव्हण्याचे.

"बसा, बसा, उठू नका," हितेश आग्रह करत होता. "तुमचा मुद्दा बरोबर हाय. संध्याकाळपर्यंत काय कमी पडणार नाय."

मग तो बाजूला जाऊन फोनवर बोलला. पाठीमागे मैत्री उभी आहे हे त्याच्या गावीही नव्हतं.

"भाऊ, टेन्शन नाय. ही बिल्डिंग सगळी आपल्या विरोधातली, एक पन बाहेर पडत नाय."

मैत्रीच्या कानशिलात कोणी भडकवावी तसं झालं. आपण भाऊला धडा शिकवायला निघालो आणि आपणच त्याच्या वाटेतला काटा काढून दिला! तिला स्वतःची लाज वाटली, भयंकर वाटली. ती तडक उदयसिंह काकांकडे गेली.

"काका, बहिष्कार मोडूया. भाऊला हेच हवंय."

"पोरखेळ आहे काय हा?" काका कडाडले. "काल एक, आज एक! मी नाही थुंकलेलं गिळत. माझ्या घरातून कोणी जाणार नाही."

ते बोलले ते खोटं नव्हतं, म्हणून जास्त झोंबलं. तरी तिने दारं वाजवायला सुरुवात केली. कोणी हसलं, कोणी 'लीडरबाई, ठरवा एकदा' म्हणून दार लावलं, कोणाचा दुपारचा डोळा लागला होता. पण काही जण चपला घालून निघाले. पोपट तर तिचं वाक्य संपायच्या आत जिन्यात होता, दुर्गाबाई पदराला हात पुसत त्याच्या मागे.

शाळेतल्या बूथवर रांग मोठी होती आणि वेळ संपत आली होती. मैत्री आईबापाच्या मागे उभी राहिली. तिचं हे पहिलंच मत. तेवढ्यात रिक्षातून काठी टेकत बयाबाई उतरल्या. उदयसिंह काकांच्या आई.

"रुसलाय तो माझा लेक," त्या म्हणाल्या. "मी नाही रुसले. तू दार वाजवलंस ते मी ऐकलं."

मैत्रीने त्यांना पुढे नेऊन बसवलं. बाईंनी पिशवी उघडली, चाचपली, उलटी केली. मतदानाचं कार्ड घरीच राहिलं होतं. मोबाइल आत नेऊ देत नव्हते, त्यामुळे फोन कोणाकडेच नव्हता.

"मैत्री, वेळ न्हाई आता. तुझं आधी उरक," पोपट म्हणाला.

मैत्री क्षणभर घुटमळली. या बाईला घरी बसवलं होतं कोणी? आपणच. ती पळत सुटली.

कार्ड घेऊन ती परतली तेव्हा शाळेचं फाटक बंद होत होतं. आत रांगेत जे उभे होते त्यांना नंबराच्या चिठ्ठ्या वाटून झाल्या होत्या. हवालदाराला तिची दया आली. त्याने गजांतून हात काढून कार्ड तेवढं आत घेतलं. तिला नाही. गज धरून ती उभी राहिली, आणि रडू आलं ते तिने आवरलंही नाही.

काळोख पडता पडता पोपट आणि दुर्गाबाई बयाबाईंना धरून बाहेर आले. बाई खूश होत्या.

"पोरी, तुझ्यामुळे झालं हो. भाऊला दिलं मी. माझ्या नातवाच्या बारशाला आला होता बिचारा."

मैत्रीच्या डोक्यात तिडीक गेली. तिने बापाला बाजूला ओढलं.

"पप्पा, माझं मत गेलं हिच्यापायी! आणि हिनं त्यालाच दिलं?"

"मग?" पोपट म्हणाला. "तिचं व्हतं, तिनं दिलं. तू तिला दारापातुर आणलंस. बटनापातुर जायचा हक तुला कुनी दिला?"

"उद्या परत त्याच्या टँकरचंच पाणी भरायचं मग!"

"उद्या त्याच्याच हापिसात जाऊन पानी माग. मत दिलं न्हाईस तरी मागता येतंय."

रिक्षातून बयाबाईंनी हाक मारली, "अगं चल ना, मला एकटीला जिना चढवायचा नाही." मैत्री अजून धुमसत होती. बाईंकडे न बघता ती आत शिरली आणि त्यांची काठी तिने आपल्या मांडीवर घेतली.