पॉलिमरमधली पोकळी

लेकीने प्रयोगशाळेत काचेच्या नळीतले पिठासारखे पांढरे कण दाखवले. "आई, आजाराच्या एका रेणूभोवती आम्ही हे पॉलिमर घडवतो, मग तो रेणू धुऊन काढतो. मागे त्याच्याच आकाराची पोकळी उरते. लघवीत लाख गोष्टी असोत, ती त्यालाच धरते."

शेजारच्या नमुन्याच्या बाटलीवरचे तिरके अक्षर ह्यांचे होते.

"बाबांची?"

"हो," ती खाली बघत म्हणाली. "चार महिने झाले. आजार सापडला. तुला सांगायचं नाही म्हणाले."

चार महिने रोज सकाळी चहा देताना कपाची ऊब आम्ही बोटांनी वाटून घेत होतो. तीस वर्षे मी त्यांच्याभोवती घडत गेले, आणि ओळखले या पिठाने.

नळी मी उजेडाकडे धरली. या नळीपासून काही लपवावे, असे त्या दोघांना वाटले नव्हते.