टॉवेल-टोपीचा अबोला

प्रा. डॉ. रामकिसन यांना तुम्ही ओळखत नसाल, तर तुमच्या घरात सगळे एकमेकांशी बोलतात असा त्याचा अर्थ. औरंगाबाद जिल्ह्यात कुठंही दोन भावांचं बोलणं बंद झालं, की महिन्याभरात रामकिसन स्कूटरवरून तिथं हजर. गळ्यात झोळी, झोळीत टेपरेकॉर्डर. लोक अजिंठ्याची चित्रं बघायला जातात, हा गृहस्थ पायथ्याच्या फर्दापूरला थांबून दोन जावांमधली कुडाची भिंत बघून परत येतो. अबोला हा त्यांच्या अभ्यासाचा विषय. बांधावरून धरलेला, निवडणुकीतून धरलेला, लग्नातल्या मानपानावरून धरलेला, असे सगळे नमुने त्यांच्याकडं आहेत. त्यांतला एक तर निजामाविरुद्धच्या पोलीस ॲक्शनच्या साली सुरू झालेला. धरणारे दोघंही केव्हाच गेले, पण नातवांनी तो अजून नीट चालू ठेवला आहे. त्याचं वर्णन करताना रामकिसन यांचा आवाज असा हळवा होतो, जसा दुसऱ्यांचा आईबद्दल बोलताना होतो.

राहायला ते हर्सूलला. पत्ता सांगताना "जेलच्या जरा अलीकडं" असं सांगावं लागतं, याचं त्यांच्या पत्नीला, आशाबाईंना, कायमचं दुःख.

या अभ्यासावर त्यांनी दिल्लीच्या एका संस्थेकडं अर्ज केला. संघर्ष कसे मिटतात आणि शांतता कशी नांदते, याचा अभ्यास करणाऱ्यांना ती वर्षभराची फेलोशिप देते. मुलाखतीत एका बाईंनी विचारलं, "तुम्ही स्वतः एखादा अबोला मिटवलाय का?"

रामकिसन म्हणाले, "एक हाताशी आहे."

तो त्यांचा स्वतःचा होता.

त्याची कथा अशी. थोरले बंधू नानासाहेब गावी शेती करत. त्यांना एकच मुलगी. तिच्या लग्नात, आपल्याकडच्या रीतीप्रमाणं, मंगलाष्टकांआधी माइकवरून नावं पुकारून टॉवेल-टोपीचे सत्कार सुरू झाले. माइक गावचा हौशी निवेदक फकिरा याच्या हातात. फकिराच्या हातातला माइक आणि बिबट्याच्या तोंडातली शेळी, दोन्ही सुटत नाहीत. सरपंच झाले, सोसायटीचे चेअरमन झाले, ट्रॅक्टरच्या दुकानाचा मालक झाला, नवरदेवाच्या मामाचा व्याही झाला. नवरीच्या सख्ख्या चुलत्याचं नाव काही आलं नाही. रामकिसन अक्षता टाकून न जेवता निघून गेले.

नानासाहेबांचं म्हणणं, घरच्या माणसाचा कुठं सत्कार असतो का? रामकिसन यांचं म्हणणं, घरच्या माणसाचा आधी. दोघांचंही बरोबर होतं, म्हणून तर ते मिटेना. दहा-अकरा वर्षं दोघं एकमेकांशी एक शब्द बोलले नाहीत. बोलायचं झालंच तर मधे नानासाहेबांच्या पत्नी, द्वारकाबाई.

फेलोशिप मिळाल्याचं कळलं, तेव्हा रामकिसन यांनी ठरवलं की दिल्लीला जायच्या आधी नानाशी बोलायचं. सरळ, समोरासमोर. औरंगपुऱ्यातून पेढे घेतले आणि रविवारी गाव गाठलं. नानासाहेब लिंबाखाली बाजेवर बसले होते. रामकिसन समोरच्या खुर्चीवर बसले. द्वारकाबाई पाणी घेऊन आल्या आणि नेहमीच्या जागी, म्हणजे दोघांच्या मधे, उभ्या राहिल्या.

"वहिनी, नानाला सांगा, मला दिल्लीची फेलोशिप मिळाली."

"अहो, भाऊजींना दिल्लीची फेलोशिप मिळाली म्हणं."

"इचार त्येला, काय करायचं असतंय त्यात?"

"नाना काय करायचं असतं इचारतेत."

"भांडणं कशी मिटतात ते शोधायचं, म्हणावं."

नानासाहेबांनी वर लिंबाकडं बघितलं. "त्येला म्हण, लई लांब चाललास."

द्वारकाबाई कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "माझा घसा बसला आता. ह्या हाताला एक आन् त्या हाताला एक. बोला की!"

नानासाहेबांनी एक पेढा तोंडात टाकला, मग दुसरा टाकला. "इचार, कुठला हाय? साखर जास्ती झालीया." तिसरा त्यांनी हातात धरून ठेवला. "आन् सांग त्येला, तिकडं थंडी लई असती. अंगावर घ्यायला काहीतरी चांगलं ने म्हणावं."

"घेतो, नाना." हे दोन शब्द रामकिसन यांच्या दातांपर्यंत आले. आणि तिथं त्यांच्यातला संशोधक जागा झाला. त्यांना आठवलं, टेपरेकॉर्डर घरीच राहिलाय. जिल्हाभरातल्या लोकांनी त्यांना अबोला कसा मोडला ते नंतर सांगितलं होतं. मोडतानाचा आवाज टेपवर कुणाचाच नव्हता. आज हा आपल्या डोळ्यांसमोर मोडणार, आणि त्याचा पुरावा काही नाही? त्यांनी ते दोन शब्द गिळले, चहा घेतला आणि द्वारकाबाईंना म्हणाले, "नानाला सांगा, पुढच्या रविवारी येतो."

"पुढच्या रविवारी येतो म्हणतेत."

"ये म्हणावं."

घरी आल्यावर हे ऐकून आशाबाईंनी कपाळावर हात मारून घेतला. "भावाशी बोलायला टेप लागतो तुम्हाला?"

"तुला पद्धत कळत नाही," रामकिसन म्हणाले आणि नवे सेल आणायला बाहेर पडले.

गुरुवारी द्वारकाबाईंचा फोन आला. त्यांनी "नाना असं म्हणतेत" किंवा "तसं म्हणतेत" असलं काही सांगितलं नाही. "भाऊजी, या," एवढंच म्हणाल्या. नानासाहेब सकाळी मोटर चालू करायला विहिरीवर गेले होते, तिथंच खाली बसले, ते उठले नाहीत.

मुलगा नाही, म्हणून मडकं रामकिसन यांनी धरलं. अग्नीही त्यांनीच दिला. गाव त्यांच्या तोंडाकडं बघत होतं. इतक्या वर्षांचा अबोला, आता हा माणूस कोसळणार, या तयारीनं दोन तगडे जण त्यांच्या दोन बाजूंना उभे होते. पण रामकिसन कोसळले नाहीत. लाकडं कमी पडतील का, एवढं त्यांनी विचारलं. घरी आल्यावर आशाबाई म्हणाल्या, "रडा तरी."

"येत नाही."

हे ते अशा आवाजात म्हणाले, की बस येत नाही असं वाटावं.

दिल्लीला रुजू व्हायची तारीख सुतकात आली. रामकिसन यांनी गावातूनच फोन लावला. पलीकडं कार्यालयातले एक सभ्य गृहस्थ होते. जवळचे नातेवाईक का, त्यांनी विचारलं. सख्खा भाऊ. संबंध कसे होते? रामकिसन खरं बोलणारे. म्हणाले, "बोलत नव्हतो." मग इतके दिवस थांबण्याची गरज काय, असं त्या गृहस्थांनी अगदी हळुवारपणे विचारलं.

"सुतक आहे," रामकिसन म्हणाले. "ते बोलण्यावर नसतं."

गृहस्थांनी तारीख पुढं दिली.

तेराव्याला मांडवात सतरंजी अंथरली. सोयऱ्यांनी आणलेल्या टॉवेल-टोप्या ताटात ठेवल्या होत्या, घरच्या माणसांचा दुखवटा काढायला. माइक अर्थात फकिराच्या हातात. त्यानं तो घेतला, दोन्ही हातांनी धरला आणि त्याच्याकडं नुसता बघत राहिला. फकिराच्या आयुष्यात असं पहिल्यांदाच झालं असावं. मग म्हणाला, "सगळ्यात आधी, नानासाहेबांचे धाकले बंधू, डॉक्टर रामकिसन." आणि माइक बाजूला न करताच म्हणाला, "आता चुकत नाय बाबा मी. तवाबी चिठ्ठीत नाव नव्हतं, न्हाय तर कशाला सोडलं असतं?" ते सगळ्या गावाला ऐकू गेलं.

नानासाहेबांच्या जावयानं रामकिसन यांच्या डोक्यावर टोपी ठेवली, खांद्यावर टॉवेल टाकला. टोपी जरा मोठी होती, कानांपर्यंत आली. ती त्यांनी सरळ केली नाही.

निघताना झोळी खांद्याला होती. तिच्यात टेप, टेपमध्ये नवे सेल. आत भिंतीला टेकवून नानासाहेबांचा फोटो ठेवला होता. हार घातलेला, मुलीच्या त्या लग्नातच काढलेला. द्वारकाबाई शेजारी बसून ताटातले उरलेले टॉवेल घडी करत होत्या.

"वहिनी," रामकिसन म्हणाले, "नानाला सांगा, उद्या दिल्लीला निघतोय."

द्वारकाबाईंची मान सवयीनं फोटोकडं वळली. "अहो," म्हणाल्या आणि थांबल्या. मग पुन्हा टॉवेलाकडं बघत म्हणाल्या, "आता तुमचं तुम्ही सांगा, भाऊजी. मी कुठवर मधे उभी राहू?"

रामकिसन फोटोसमोर उभे राहिले. "नाना," म्हणाले. पुढं काही येईना. मग त्यांनी वळून द्वारकाबाईंकडं बघितलं. त्या घड्या घालत होत्या. आशाबाई बाहेरून म्हणाल्या, "बस आली."

दिल्लीत त्यांनी वर्ष काढलं. थंडी खरंच फार होती, असं म्हणतात. आशाबाई सांगतात की दोन स्वेटर बॅगेत घालून दिले होते, ते तसेच घडी न मोडता परत आले. अहवाल मात्र छान झाला, जाडजूड. त्यात जिल्ह्यातले सगळे अबोले दोन भागांत मांडले आहेत, मिटलेले आणि चालू असलेले. पोलीस ॲक्शनवाला चालूमध्ये आहे. आम्ही शेजारी, त्यामुळं पहिली प्रत आमच्या घरी आली. मी शेवटपर्यंत चाळली आणि न राहवून विचारलं, "तुमचा आणि नानांचा दिसला नाही यात?"

रामकिसन यांनी प्रत माझ्या हातातून घेतली, पानं उलटली आणि मिटली.

"कुठल्या भागात घालायचा," ते म्हणाले, "वहिनीला विचारावं लागेल."