या हं आता
काल मोबाईलवर एका जुन्या विनोदी मालिकेचं शीर्षकगीत वाजलं आणि कसबा पेठेतल्या शेजारच्या काकूंची बैठकीची खोली आठवली. त्यांच्याकडे नुकतीच केबल आली होती. आई आणि मी फरशीवर बसून ती मालिका बघायचो. एकदा मध्येच काकूंनी टीव्ही बंद केला आणि गोड आवाजात म्हणाल्या, "या हं आता." 'निघा' म्हणायलाही आपल्याकडे 'या'च म्हणतात, हे मला कुठे ठाऊक! मी खुशाल त्यांच्या नव्याकोऱ्या सोफ्यावर जाऊन बसले. आईने दंडाला धरून उठवलं. "येतो," ती कशीबशी म्हणाली. मागे दार लागलं, टीव्ही पुन्हा सुरू झाला आणि आतून सगळ्यांचं खो खो हसणं ऐकू आलं. काल तोच अर्धवट राहिलेला भाग शोधून शेवटपर्यंत पाहिला. हसण्यासारखं त्यात काहीच नव्हतं.