कोरडा हात

आमच्या घरात हॉलला पंखा नव्हता आणि त्याचा आम्हाला माज होता. बेंगळूरला पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी घरांत हा माज असतोच. ऊन नागपूरकडे असतं, आमचं गाव थंड. माझी वहिनी अकोल्याची. लग्नानंतरच्या पहिल्याच एप्रिलात ती डोक्याला ओढणी गुंडाळून भाजीला निघाली, तेव्हा मी तिची यथेच्छ टिंगल केली होती.

दर एप्रिलात जे. पी. नगरच्या मैदानावर आमच्या समाजाची क्रिकेटची मॅच असते, म्हातारे विरुद्ध तरुण. अण्णा, म्हणजे माझे वडील, अडुसष्टाव्या वर्षीही म्हाताऱ्यांचे कप्तान. त्या सकाळी वहिनीने पन्ह्याची मोठी बाटली आणि ओला पंचा माझ्या हाती दिला. अण्णांना दर अर्ध्या तासाने पाजा, म्हणाली. मी हो म्हटलं आणि दोन्ही वस्तू मुद्दाम ओट्यावर ठेवून निघाले. चारचौघांत हसं व्हायला नको, एवढंच माझ्या मनात होतं.

मैदानावरचा पाण्याचा कॅन अकरालाच संपला. अण्णा बारापर्यंत उन्हात उभे होते. मग सावलीतल्या खुर्चीवर येऊन बसले आणि आमच्या साड्यांच्या दुकानातल्या गिऱ्हाइकाशी बोलावं तसं मला साडीचे रंग सांगू लागले. मला वाटलं, चेष्टा करताहेत. मी त्यांचा हात हातात घेतला. तापलेला होता, पण खडखडीत कोरडा. घाम नाही म्हणजे ऊन बाधलेलं नाही, असं मी माझं मीच ठरवून टाकलं. मला चक्क हायसं वाटलं.

"सरी अण्णा, स्वल्प बसा," असं आमच्या कानडीमिश्रित मराठीत, बरं, जरा बसा, म्हणून मी मॅच बघायला परत गेले. वीस मिनिटांनी ते खुर्चीवरून खाली कोसळले.

हॉस्पिटलात वहिनी धावत आली. तिने एवढंच विचारलं, "त्यांना घाम येत होता का?"

"नाही. अगदी कोरडे होते."

तिने डोळे मिटून घेतले. अशा उन्हात घाम आटणं हीच खरी धोक्याची खूण, हे तिच्या गावात शाळकरी पोरांनाही ठाऊक असतं. ओट्यावरच्या बाटलीबद्दल तिने ना तेव्हा विचारलं, ना नंतर कधी.

अण्णा वाचले. पण चालताना तोल जातो, जीभ जड झाली आहे, दुकान माझ्या भावाकडे गेलं. हॉलला आता पंखा आहे. त्याच्याखाली ते दिवसभर बसून असतात आणि मला त्या खोलीत जायला नको वाटतं.

भेटायला येणारं कुणी ना कुणी विचारतंच, पाणीबिणी दिलं नव्हतं का कुणी? मग अण्णा एकेक शब्द गोळा करत सांगतात, "पोरीने दिलं होतं. मीच नको म्हणालो."

मी तिथेच उभी असते. दोन वर्षं झाली, मी एकदाही खरं सांगितलेलं नाही. वहिनी चहाचे कप उचलते आणि माझ्याकडे न बघता आत जाते.